प्रकल्पातले कंस: या चुका टाळा

दर डिसेंबरात बारावीच्या प्रकल्पांच्या फायली ग्रंथालयाच्या टेबलावर येऊन पडतात आणि मी लाल पेन शोधायला लागते. विषय बदलतात, चुका त्याच. मजकुरात संदर्भाचा कंस, म्हणजे वाक्य कुठून घेतलं ते सांगणारा, टाकायला हल्ली कुणी विसरत नाही. त्या कंसात काय लिहिलंय, हे मात्र लिहिणाऱ्यालाच ठाऊक नसतं.

सगळ्यात जास्त डोक्यात जाणारी चूक म्हणजे न पाहिलेल्या पुस्तकाचा संदर्भ.

काही वर्षांपूर्वी एका मुलानं शेतकऱ्यांच्या कर्जावर प्रकल्प केला होता. मेहनती पोरगा, गावात घरोघरी फिरून माहिती आणलेली. पहिल्याच पानावर 'विद्येविना मती गेली' आणि पुढे कंस: (फुले, १८८३, पृ. २७). मी म्हटलं, "अरे, ही प्रत कुठं मिळाली तुला? मलाही बघू दे." तो गप्प. मग हळूच म्हणाला, "मॅडम, दादाच्या फायलीत होतं." दादा म्हणजे आदल्या वर्षीचा विद्यार्थी. त्याची फाइल कपाटातून काढली, तिथंही पृ. २७. त्या वर्षीच्या गठ्ठ्यात आणखी दोघांकडे पृ. २७. ते पान मुळात कुणी पाहिलं होतं, देव जाणे.

गंमत म्हणजे १८८३ सालच्या छापील पुस्तकात असं पान असणंच शक्य नव्हतं, कारण असं पुस्तकच नव्हतं. हे वाक्य 'शेतकऱ्याचा असूड'मधलं, आणि १८८३ हे तो लिहिल्याचं साल. फुले १८९० मध्ये वारले, तोवर संपूर्ण असूड पुस्तकरूपानं छापला गेला नव्हता. आज ग्रंथालयात हाताशी येतं ते बहुधा 'महात्मा फुले समग्र वाङ्मय': धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी संपादित केलेली १९६९ची आवृत्ती, नाहीतर य. दि. फडके यांची १९९१ची. एकीतला पानाचा आकडा दुसरीत जुळेलच असं नाही. पोराला कपाटातली प्रत काढून दिली आणि असूडाचा उपोद्घात उघडायला लावला. दहा मिनिटांत खरं पान मिळालं. दादाच्या फायलीतून उतरवायलाही तेवढाच वेळ लागला असेल.

तेव्हापासून माझा नेम ठरलाय: लिहिल्याचं साल वाक्यात, हातातल्या प्रतीचं साल कंसात. 'फुल्यांनी १८८३ मध्ये लिहिलं' असं वाक्यात येऊ द्या, कंसात (फुले, १९६९) आणि पुढे त्या प्रतीतलं पान. एपीए या संदर्भ देण्याच्या पद्धतीत दोन सालं तिरप्या रेघेनं जोडायची सोय आहे, पण तिथं पहिलं साल मूळ प्रकाशनाचं असतं, लेखनाचं नव्हे. बारावीत त्या रेघेच्या नादी लागू नका.

मूळ पुस्तक मिळालंच नाही तर? मग ते वाक्य ज्या पुस्तकात वाचलं, त्याचं नाव सांगा. 'फुले, उद्धृत' असं लिहून पुढे त्या दुसऱ्या लेखकाचं आडनाव, साल आणि पान. शेवटच्या संदर्भसूचीतही तेच दुसरं पुस्तक. यात कमीपणा काही नाही.

दुसरी चूक मला जवळजवळ तितकीच छळते. आठ ओळींचा परिच्छेद, आठही ओळी ठणठणीत विधानांच्या, आणि शेवटी एकच कंस. यातलं लेखकाचं किती, तुमचं किती? एकीनं पाणलोटाच्या प्रकल्पात सरकारी अहवालातले आकडे, स्वतः मोजलेली विहिरीची पातळी आणि सरपंचांचं मत असं सगळं एका परिच्छेदात कालवून शेवटी अहवालाचा कंस ठोकला होता. बिचारीनं भर उन्हात दोरी सोडून मोजलेली पातळी त्यामुळे अहवालाच्या खात्यात जमा झाली! मी तरी लेखकाचं नाव सुरुवातीला घेते, 'कीर म्हणतात की', आणि त्याचं म्हणणं संपलं तिथं कंस. कंसानंतर येईल ते माझं. एवढं केलं की वाचणाऱ्याला कुंपण दिसतं.

बाकीच्या चुका झटपट.

(पु. ल., साल) असं लिहू नका. प्रेम समजतं, पण कंसात आडनाव लागतं. सूचीत दोन देशपांडे असतील, आणि मराठीत ते असतातच, तर आद्याक्षरंही द्या. टोपणनाव असेल तर मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर जे छापलंय ते घ्या: 'विशाखा'ला कुसुमाग्रज, 'नटसम्राट'ला शिरवाडकर.

तुकोबांचा अभंग घेतलात तर अभंगाचा क्रमांक द्या आणि गाथा कोणती तेही सांगा. सगळ्या गाथांत क्रमांक एकसारखे नसतात.

कंसात 'गूगल' लिहिणं म्हणजे पुस्तकाच्या जागी एसटी स्टँडचं नाव लिहिणं. अख्खा वेबपत्ताही कंसात कोंबू नका, त्याची जागा सूचीत.

एपीएत आडनाव, साल, पान. एमएलए या दुसऱ्या पद्धतीत आडनाव आणि पान, मध्ये स्वल्पविरामही नाही. कोणती पद्धत हवी ते मार्गदर्शक शिक्षकांना पहिल्याच दिवशी विचारा आणि मग अर्ध्या वाटेत घोडा बदलू नका.

पूर्णविराम कंसानंतर. वेगळा काढलेला लांब उतारा असेल तर कंसाआधी.

चॅटबॉटकडून संदर्भ मागवणाऱ्यांना एकच सांगणं: तो नसलेलं पुस्तकही पान क्रमांकासकट देतो. दादाच्या फायलीचा हा नवा अवतार.

आणि 'कंस शेवटी टाकू, आधी लिहून तर होऊ दे' म्हणणारे दरवर्षी जानेवारीत माझ्यासमोर उभे असतात, "मॅडम, ते निळ्या कव्हरचं पुस्तक होतं ना?" आमच्याकडे निळ्या कव्हरची दोन कपाटं आहेत. मी स्वतः टिपण काढताना आधी पान क्रमांक लिहिते, मग वाक्य. तेवढं जमत नसेल तर पुस्तक परत करण्याआधी आतल्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा, आणि त्यात प्रकाशनाचं साल आलंय ना, ते काउंटर सोडायच्या आत बघा.