बाईक रेसमध्ये पडून मनगट मोडलंय? या चुका टाळा

कोइम्बतूरच्या करी स्पीडवेला नाहीतर चेन्नईच्या ट्रॅकला रेस करायला आपल्याकडची पोरं जातात, आणि रविवारी कोणी पडलं की बऱ्याचदा एकच प्रकार, मनगटाला क्रेप बँडेज गुंडाळायचं, पेनकिलर खायची आणि रात्रीची गाडी धरून घरी यायचं, हात अख्खा प्रवास खाली लोंबकळत. गडबड इथूनच सुरू होते. हात खाली राहिला की सूज वाढत जाते, बोटात अंगठी असेल तर ती रुतते आणि मग कापूनच काढावी लागते. म्हणून ग्लोव्ह निघाला की अंगठी, कडं, घड्याळ लगेच उतरवा, खालून जाड पुठ्ठ्याचा आधार बांधा, हात उंच ठेवा आणि घरी यायच्या आधी तिथेच एक्सरे काढा. हात वाकडा दिसतोय किंवा बोटं बधिर झालीत तर मग प्रवासाचा विचारच नको, आधी हॉस्पिटल.

एक्सरे नॉर्मल आला म्हणून गाडीवर बसणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, आणि मी प्रत्येक रायडरला हेच सांगतो. पडताना हात पुढे टेकला जातो आणि अंगठ्याच्या बुडाजवळचं स्कॅफॉइड नावाचं काजूएवढं हाड तडकतं, पण पहिल्या एक्सरेत ती चीर बऱ्याचदा दिसतच नाही. अंगठा ताणून वर करा, त्याच्या मुळाशी स्नायूंच्या दोन ताणलेल्या दोऱ्यांच्या मधे एक खळगा पडतो, तिथे दाबल्यावर कळ येत असेल तर एक्सरे काहीही म्हणो, फ्रॅक्चर आहे असंच धरून चाला. डॉक्टर स्लॅब (अर्धं प्लास्टर) घालून १०-१४ दिवसांनी परत एक्सरे काढतात किंवा सरळ एमआरआय करतात. या हाडाला रक्त बोटांकडच्या टोकाकडून मिळतं, त्यामुळे कोपराच्या बाजूचा भाग तुटला की त्याचा पुरवठाच बंद पडू शकतो, हाड जुळत नाही आणि पुढे काही वर्षांनी मनगट झिजायला लागतं.

ऑस्ट्रेलियन रेसर केसी स्टोनरचं बघा ना. २००३ ला मोडलेलं त्याचं डावं स्कॅफॉइड २००८ ला इटलीतल्या मिसानोच्या रेसच्या सुमारास परत त्रास द्यायला लागलं, तोपर्यंत तो मोटोजीपीचा (बाईक रेसिंगची सगळ्यात वरची स्पर्धा) वर्ल्ड चॅम्पियन झालेला होता, आणि सीझन संपल्यावर कंबरेच्या हाडाचा तुकडा घेऊन ते बसवावं लागलं.

आणि प्लीज, हाडवैद्याकडे मालिश करून घेऊ नका. सरकलेलं हाड चोळून बसत नाही, उलट आणखी हलतं.

प्लास्टर घातलं म्हणजे काम संपलं असं समजणं

प्लास्टर मनगटाला असतं, बोटांना नाही. बोटं, कोपर, खांदा पहिल्या दिवसापासून हलवत राहा, नाहीतर प्लास्टर निघाल्यावर मूठच वळत नाही आणि खांदाही आखडलेला असतो. पण बोटं निळी पडली, मुंग्या आल्या, किंवा गोळी घेऊनही दुखणं वाढतच चाललं तर सकाळची वाट बघू नका, रात्रीच जाऊन प्लास्टर सैल करून घ्या. आत पट्टी किंवा सळई घालून खाजवू नका, जखम झाली तर कळतसुद्धा नाही. सिगरेट आणि तंबाखू दोन्ही बंद, निकोटिनने हाड जुळायला उशीर होतो.

कॅलेंडर बघून ट्रॅकवर जाणं

मनगटाजवळचं मोठं हाड मोडलं असेल तर जुळायला साधारण ६ आठवडे, स्कॅफॉइडला ८ ते १२, कधी त्याहून जास्त. स्क्रू किंवा प्लेट टाकली की हात लवकर हलवता येतो, पण हाड आपल्याच वेळेत जुळतं, हे लोक विसरतात. २०२० ला मोटोजीपीचा रेसर मार्क मार्केझ १९ जुलैला स्पेनमधल्या हेरेझच्या ट्रॅकवर पडला, दंडाच्या हाडात प्लेट बसवली आणि २५ तारखेला परत बाईकवर, पुढच्या महिन्यात ती प्लेट तुटली आणि उरलेला सीझन गेला.

प्लास्टर निघाल्यावर हात बारीक, कडक, कोरडा दिसणार, त्याने घाबरू नका. कोमट पाण्यात हात ठेवून मनगट वर-खाली, मग तळवा वर-खाली फिरवायचा, वजन फिजिओने सांगितल्यावरच. फक्त हात लालबुंद होऊन आग होत असेल, नुसता कपडा लागला तरी दुखत असेल तर परत डॉक्टरांना दाखवा, ते नेहमीचं आखडणं नव्हे.

रेसला परतायच्या आधी डॉक्टरांकडून हाड जुळल्याचं पक्कं करा, शंका असेल तर सीटी स्कॅन. पकड दुसऱ्या हाताच्या जवळपास यायला हवी आणि पुशअप न दुखता व्हायला हवेत, कारण जोरात ब्रेक मारताना अंगाचा सगळा भार मनगटावरच येतो. उजवं मनगट असेल तर थ्रॉटल आणि पुढचा ब्रेक दोन्ही त्याच हातात, तेव्हा उभ्या गाडीवर लिव्हर पूर्ण दाबून-सोडून बघा, थकल्यावरसुद्धा जमतंय का ते. डावं असेल तर क्लच त्याच हातात, म्हणून क्लच केबलला आधी ऑइल द्या. लिव्हरचा अँगल असा लावा की बोटं ठेवल्यावर मनगट सरळ राहील, आणि नवीन ग्लोव्ह घेताना तळव्यावर कडक स्लायडर (घसरणारा गुळगुळीत तुकडा) असलेलेच घ्या, त्याने हात डांबरावर अडकत नाही, घसरतो.