गव्हर्नरच्या चुरशीच्या लढतीतले हलते आकडे कसे वाचायचे

नागपुरात सदरच्या लोकभवनात (पूर्वीचं राजभवन) कोणते राज्यपाल राहणार हे राष्ट्रपती ठरवतात, त्यासाठी मतदान होत नाही. अमेरिकेत मात्र राज्याचा गव्हर्नर लोक थेट निवडतात. अधिकारांच्या दृष्टीने ते पद आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचं. नागपुरातल्या कितीतरी घरांतली मुलं तिकडे असल्यामुळे या लढतींच्या मतचाचण्या इथेही पाहिल्या जातात आणि ‘मागच्या आठवड्यात दोनने पुढे होता, आता तीनने मागे पडला’ अशी चर्चा रंगते. बहुतेक वेळा मतदार जागचा हललेलाच नसतो. हे घरी कॅल्क्युलेटर घेऊन तपासता येतं.

आधी सँपल किती होतं, म्हणजे किती मतदारांना विचारलं, ते शोधा. ९८ ला त्याच्या वर्गमुळाने भागा. ६०० मतदार असतील तर वर्गमूळ साधारण २४.५, उत्तर ४. म्हणजे एका उमेदवाराचा आकडा ४ टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकतो. बातमी इथेच थांबते, पण आपण पाहतो ती आघाडी असते. एकाची मतं वाढतात तेव्हा दुसऱ्याची बहुधा घटतात, म्हणून आघाडीवरची चूक जवळजवळ दुप्पट होते: ४८-४६ असेल तर २ ची आघाडी, अधिक-उणे साधारण ८. दोन चाचण्यांमधला बदल मोजताना दोघींच्या चुका एकत्र येतात, तेव्हा ८ ला १.४ ने गुणा, म्हणजे ११. दोनने पुढे असलेला तीनने मागे दिसला तर बदल ५ चा. तो ११ च्या बराच आत आहे. त्यावरून वारं फिरलं असं म्हणता येत नाही.

त्यातही ज्या गटांतले लोक कमी मिळाले त्यांच्या उत्तरांना जास्त वजन द्यावं लागल्यामुळे ६०० चं सँपल प्रत्यक्षात ४०० इतकंच भरवशाचं उरू शकतं. आणि ‘हिस्पॅनिक (लॅटिन अमेरिकी किंवा स्पॅनिश मुळाचे) मतदार सरकले’ अशा बातमीमागे ७०-७५ माणसं असतील, तर तिथे एका आकड्यावरचीच चूक ११ टक्क्यांपुढे जाते. असे तुकडे सरळ सोडून द्या.

आता वही किंवा एक्सेल शीट घ्या. रकाने असे: मुलाखतींच्या काळातला मधला दिवस (प्रसिद्धीची तारीख नको, दोन्हींत आठवड्याचं अंतर असू शकतं), संस्था, सँपल, पैसे कोणी दिले, दोन्ही उमेदवारांचे टक्के, अनिर्णित आणि मतदार कोणते धरले. या शेवटच्या रकान्यात सगळ्यात जास्त फसगत होते. उन्हाळ्यात अनेक संस्था सर्व नोंदणीकृत मतदारांचा आकडा देतात आणि सप्टेंबरच्या सुमारास ‘मतदान करण्याची शक्यता असलेले’ मतदार धरायला लागतात. त्या दिवशी आकडा दोन-तीनने सरकला तर व्याख्या बदलली, मत नव्हे. एखाद्या प्रचारयंत्रणेने स्वतःची चाचणी बाहेर दिली असेल तर ती सोयीची होती म्हणूनच दिली. ती सरासरीत घेऊ नका.

तुलना नेहमी त्याच संस्थेच्या मागच्या आकड्याशी करा. कळमन्याच्या बाजारात एका काट्यावर काल आणि दुसऱ्यावर आज संत्री तोलली, तर फरक मालाचा की काट्याचा हे कळणार नाही. कोणी फोनवर विचारतं, कोणी मेसेजमधून लिंक पाठवतं, कोणी ऑनलाइन पॅनेलवर. प्रत्येकाचा कल ठरावीक बाजूला थोडा झुकतो. दोन-तीन संस्था स्वतःच्याच मागच्या आकड्यापेक्षा एकाच दिशेने सरकल्या, तर मात्र लक्ष द्या.

मग शेवटच्या दोन-तीन आठवड्यांतल्या चाचण्यांची सरासरी काढा, एका संस्थेची एकच, सगळ्यात ताजी. ६०० च्या पाच चाचण्या म्हणजे ३,००० मतदार. आघाडीवरची चूक ८ वरून साडेतीनपर्यंत खाली येते. यापलीकडे सरासरीही कमी पडते, कारण सगळ्या संस्था एकाच बाजूला चुकल्या तर ती चूक सरासरीत विरत नाही. फ्लोरिडात २०१८ मध्ये बहुतेक चाचण्या डेमोक्रॅट उमेदवार गिलम पुढे सांगत होत्या. त्यांचे रिपब्लिकन प्रतिस्पर्धी डीसँटिस ३२,४६३ मतांनी, म्हणजे ०.४ टक्क्याने जिंकले. न्यू जर्सीत २०२१ मध्ये मॉनमथ विद्यापीठाच्या शेवटच्या चाचणीत गव्हर्नर मर्फी ११ ने पुढे होते. प्रत्यक्षात सुमारे ३ ने निवडून आले. म्हणून सरासरी आघाडी ३ च्या आत असेल तर ‘अनिश्चित’ लिहा, विजेता लिहू नका.

हीच वही विधानसभेला वापरताना एक गणित आधी करा. दहा हजारांचं सँपल २८८ जागांत वाटलं तर एका जागेला ३५ माणसं येतात. २०१९ मध्ये मध्य नागपूर आणि दक्षिण नागपूर या दोन्ही जागा साधारण चार हजार मतांच्या फरकाने ठरल्या. राज्यभराच्या चाचणीवरून अशा जागेचं भाकीत कोणी सांगत असेल तर त्या मतदारसंघापुरतं सँपल किती होतं ते विचारा. शिवाय मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत टीव्हीवर मतचाचण्यांचे निकाल दाखवायला लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १२६ नुसार बंदी आहे. त्या काळात व्हॉट्सॲपवर फिरणारे आकडे वहीत घेऊ नका.

निकालाच्या दिवशी न्यू जर्सीतलं मतदान आपल्या बुधवारी सकाळी साडेसहाला संपतं, ॲरिझोनातलं साडेसातला. मोजणी मात्र लांबू शकते. ॲरिझोनात २०२२ ला ८ नोव्हेंबरच्या मतदानात डेमोक्रॅट उमेदवार केटी हॉब्स जिंकल्याचा अंदाज माध्यमांनी १४ नोव्हेंबरला दिला, अंतर १७,११७ मतांचं. पहिल्या तासाच्या आघाडीपेक्षा किती मतपत्रिका आणि कोणत्या काउंटीतल्या (आपल्या जिल्ह्यासारखा भाग) मोजायच्या राहिल्यात, ते आधी पाहा.