टीव्हीच्या प्लेअरवर लॅपटॉपचं फोल्डर दिसेना, तर काय तपासावं?

खानापूर-जांबोटीकडं पावसाळ्यात लाइट जाते-येते, आणि कालपर्यंत नीट चालणारा मीडिया प्लेअर आज लॅपटॉपमधलं फोल्डर उघडत नाही. अशा वेळी बहुतेकजण प्लेअर फॅक्टरी रिसेट करून मोकळे होतात. त्यानं काही साधत नाही, उलट सगळी सेटिंग्ज पुन्हा भरत बसावं लागतं. आधी पडद्यावरचा संदेश नीट वाचा. सर्व्हर सापडत नाही म्हणत असेल तर घोळ रस्त्यात, म्हणजे नेटवर्कमध्ये आहे. पासवर्ड पुन:पुन्हा मागत असेल तर रस्ता बरोबर आहे, दार उघडत नाही एवढंच.

रस्त्यापासून सुरुवात करू. लॅपटॉपच्या वाय-फाय सेटिंगमध्ये प्रॉपर्टीज उघडून आयपी ॲड्रेस बघा, समजा १९२.१६८.१.७. आता प्लेअरमध्ये साठवलेला पत्ता बघा. तिथं शेवटी ५ असेल तर दुखणं सापडलं. लाइट आल्यावर राउटर पुन्हा सुरू होतो आणि कधीकधी लॅपटॉपला नवा आकडा देतो, प्लेअर मात्र जुन्याच पत्त्यावर हाका मारतो. प्लेअरमधला पत्ता बदला. रोजची कटकट नको असेल तर राउटरच्या ॲड्रेस रिझर्वेशनमध्ये लॅपटॉपला एक आकडा कायमचा बांधून द्या.

लॅपटॉपच्या आणि प्लेअरच्या स्वतःच्या पत्त्यात तिसरा आकडाच वेगळा असेल, एकीकडं १९२.१६८.१ आणि दुसरीकडं १९२.१६८.०, तर घरात बहुधा दोन राउटर आहेत. फायबरवाल्यानं बसवलेला डबा आणि माडीवर रेंज यावी म्हणून तुम्ही आणलेला दुसरा. दुसऱ्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे दोन्ही मजले एकाच नेटवर्कवर येतात. प्लेअर गेस्ट वाय-फायवर जोडलेला असला तरी हेच होतं. तिथली उपकरणं सहसा घरातल्या बाकी उपकरणांपासून तोडलेली असतात.

मग लॅपटॉपकडं वळा. विंडोजनं घरचं वाय-फाय 'पब्लिक' धरलं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा आणि फाइल शेअरिंग सुरू करा. लॅपटॉप झोपला तर फोल्डरही गायब होतं, म्हणून चार्जर लावून स्लीप बंद ठेवा.

आता दार. सगळ्यात जास्त लोक इथंच अडकतात. लॅपटॉप उघडताना टाकायचा चार आकडी पिन प्लेअरला चालत नाही, त्याला खात्याचा खरा पासवर्ड लागतो. माझं मत विचाराल तर लॅपटॉपवर ईमेल न जोडलेलं एक वेगळं खातं काढा, नाव-पासवर्ड रोमन अक्षरांत ठेवा, कारण रिमोटवरून तेच टाइप करायचंय. त्या खात्याला फोल्डरच्या शेअरिंग आणि सिक्युरिटी, दोन्ही ठिकाणी 'रीड'ची परवानगी द्या. एका ठिकाणी दिली आणि दुसरीकडं राहिली तरी दार बंदच.

इतकं करूनही प्लेअर जोडत नसेल आणि जुना असेल, तर त्याला फक्त एसएमबी १, म्हणजे नेटवर्कवरून फाइली उघडायची जुनी पद्धत, येत असण्याची शक्यता मोठी. २०१७ च्या शेवटी आलेल्या विंडोज १० च्या अपडेटपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये ही पद्धत मुळातच बंद असते. त्याच वर्षी मे महिन्यात वॉनाक्राय हा फाइली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस याच दारानं जगभर पसरला होता. ती परत चालू करा असा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. प्लेअरचं सॉफ्टवेअर अपडेट करा, सेटिंगमध्ये एसएमबी २ किंवा ३ निवडा, नाहीतर लॅपटॉपवर डीएलएनए सर्व्हर, म्हणजे घरातल्या टीव्ही-प्लेअरला सिनेमे-गाणी पुरवणारा प्रोग्रॅम, चालवा. त्याला पासवर्डची भानगड सहसा नसते. विंडोज ११ प्रोची २४एच२ आवृत्ती असेल तर पासवर्डाशिवाय 'गेस्ट' म्हणून आत जाणंही डीफॉल्टनं बंद आहे.

फोल्डर दिसतं पण सिनेमा अडखळतो? जांभ्या दगडाच्या जाड भिंतींतून ५ गीगाहर्ट्झची रेंज लवकर मरते. २.४ वर रेंज लांब जाते, पण वेग कमी. फोर-के फाइलसाठी दोन्हींपेक्षा राउटरपासून टीव्हीपर्यंत ओढलेली लॅन केबल बरी.

फाइल लागते, पण मराठी-कन्नड नावांच्या जागी चौकोन दिसतात? प्लेअरमध्ये तो फॉन्ट नाही. नाव रोमनमध्ये लिहा, आणि सबटायटलची फाइल यूटीएफ-८ मध्ये (देवनागरी अक्षरं नीट साठवणारं एन्कोडिंग) सेव्ह करून प्लेअरमध्ये देवनागरीचा फॉन्ट निवडता येतो का ते बघा.