आइसमेकर अडकलाय? मोटारीवर जाण्याआधी नळी बघा

फ्रीजचा आइसमेकर बंद पडला की ऐकणारा प्रत्येक जण एकच निदान करतो: मोटार गेली. मोटार इतक्या सहजासहजी जात नाही. बहुतेक वेळा कुठेतरी बर्फच अडकलेला असतो. डब्यात, बर्फ पडायच्या तोंडाशी, नाहीतर पाणी आणणाऱ्या नळीत. पहिल्या दोन जागा कुणीही मोकळ्या करील. तिसरी घाम काढते.

आइसमेकरच्या बाजूची दांडी वर अडकली असेल तर खाली करा. ती वर असली की डबा भरला असं समजून यंत्र थांबतं.

डबा बाहेर काढा. आत खड्यांचा एकच गठ्ठा झाला असेल तर सिंकमध्ये उलटा करून कोमट पाणी सोडा. फोडत बसू नका. आपल्याकडे असा गठ्ठा दोन वेळा होतो. उन्हाळ्यात लाईट तासन् तास गेली की बर्फ अर्धवट वितळतो आणि परत गोठतो. दुसरा थंडीतला. जानेवारीत, सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सरबत कोण करतंय? न वापरलेले खडे पडून पडून एकमेकांना चिकटतात. डबा धुऊन पूर्ण कोरडा करा, ओला परत ठेवलात तर उद्या पुन्हा हेच.

दारातून बर्फ देणारा फ्रीज असेल तर स्विच बंद करून बर्फ पडायच्या तोंडातले तुकडे बोटाने काढा, झडप पुसा. झालं.

आता परीक्षा. फ्रीज चालू करा. बऱ्याच मॉडेलांत आइसमेकरवर टेस्टचं छोटं बटण असतं. ते काही सेकंद दाबून धरलं की ट्रे फिरतो आणि पाणी भरायला सुरुवात होते. खाली वाटी ठेवा आणि कान द्या. फ्रीजच्या मागून घूंऽऽ असा आवाज आला, पण ट्रेमध्ये पाणी पडलं नाही, तर पाणी सोडणारा व्हॉल्व्ह उघडतोय आणि पाणी वाटेत अडतंय. फ्रीजला पाणी देणारा नळ चालू असेल, तर नळी गोठली आहे असं धरून चाला. आवाजच नसेल तर भानगड विजेची आहे, ती स्वतः उघडू नका.

ही नळी ट्रेच्या मागे, वरच्या बाजूला असते. तोंडाशी पांढरा बर्फ दिसतो आणि माणूस तेवढाच खरवडून मोकळा होतो. खरा बूच आत, वितभर खोल असू शकतो. यासाठी मला मिळालेले सल्ले ऐका: सुरीने टोचा, मीठ टाका, उकळतं पाणी ओता. एका मेकॅनिकने तर न बघताच अख्खा आइसमेकर बदलायला सांगितलं होतं. सुरीने प्लास्टिकची नळी फाटते, आणि एका दाराच्या फ्रीजमध्ये हीच सवय चालवलीत तर फ्रीझरच्या भिंतीतली गॅसची नळी फुटते. हल्लीच्या बऱ्याच फ्रीजमध्ये आर-६०० ए हा गॅस असतो, तो पेट घेतो. मीठ आसपासच्या धातूला गंज आणतं. उकळत्या पाण्याने गारठलेलं प्लास्टिक तडकतं. हेअर ड्रायरही मला पसंत नाही. तो तोंडाशी गरम हवा फेकतो, आतल्या बुचापर्यंत ती पोचत नाही, आणि फ्रीजचा प्लग काढलेला असला तरी ड्रायर विजेवरच असतो. ओल्या हातात तो कशाला?

मेडिकलमधून ५० मिलीची सिरिंज आणा, सुई नको. तिला सलाईनच्या नळीचा तुकडा जोडा. फ्रीजचा प्लग काढा, पाण्याचा नळ बंद करा, खाली जाड सोलापुरी टॉवेल पसरा. घरात दोन-चार असतातच. बोट सहज बुडवता येईल इतकंच गरम पाणी घ्या. बारीक नळी आत सारा, बर्फाला टेकली की पाणी हळूहळू सोडा. ते उलटं येऊन ट्रेमध्ये पडेल, त्याच सिरिंजने ओढून घ्या. पाणी मोटारीच्या डब्यावर जाऊ देऊ नका. बर्फ वितळेल तशी नळी पुढे सरकवा, रेटायची नाही. सुरुवातीला काहीच होत नाही असं वाटतं, तरी सोडत राहा. बूच सुटला की हाताला कळतं: उलटं येणारं पाणी थांबतं आणि नळी एकदम पुढे जाते. एवढ्या वेळात ट्रे हाताने पिरगाळायचा मोह होईल. आतले दाते प्लास्टिकचे असतात, तुटले की मग खरंच नवा आइसमेकर घ्यावा लागेल.

नळी मोकळी झाली म्हणजे काम संपलं नाही. कारण काढलं नाही तर ती परत गोठणार. आपल्याकडचं नेहमीचं कारण म्हणजे गच्चीवरची टाकी. दहा मीटर उंचीच्या टाकीचं पाणी जेमतेम १ बार दाब देतं. अनेक आइसमेकरांच्या व्हॉल्व्हला किमान १.४ बारच्या आसपास लागतो, तुमच्या मॉडेलचा आकडा पुस्तिकेत बघा. दाब कमी पडला की व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, पाणी थेंब थेंब झिरपतं आणि नळीतच गोठतं. एकमजली घरात कितीही नळ्या बदला, लहान प्रेशर पंप बसवल्याशिवाय सुटका नाही.

व्हॉल्व्हच्या तोंडाची जाळीही बघा, फ्रीजच्या मागे असते. नळाला काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा पहिल्या धारेबरोबर गाळ येतो, तो इथे बसतो. जुन्या टूथब्रशने घासा. बोअर किंवा टँकरचं पाणी असेल तर पांढरा थर चढतो, त्यावर व्हिनेगर लावून थोडा वेळ ठेवा, मग साध्या पाण्याने धुवा. फिल्टर जुना झाला असेल तर तोही बदला.

नळ उघडा, जोडांना गळती नाही ना बघा, प्लग लावा. फ्रीझर उणे १८ अंशांवर ठेवा. बर्फ यायला पूर्ण दिवस लागू शकतो, दर तासाला दार उघडून बघू नका. पहिले दोन-तीन घाणे फेकून द्या.

दाब पुरेसा आहे, जाळी साफ आहे, तरी आठवड्याभरात नळी परत गोठली तर मेकॅनिकला बोलवा. काही मॉडेलांत या नळीला बारीक हीटर असतो, तो जळाला असेल किंवा व्हॉल्व्हच गळत असेल. फोनवर हेच दोन शब्द सांगा, म्हणजे येताना तो मोटार घेऊन येणार नाही.