आधी तारीख विचारा, कलम नंतर : गोव्यात वकिली सुरू करणाऱ्यांसाठी

सनद मिळाल्यावर दुसऱ्याच महिन्यात मी एक विक्रीखत तयार केलं. जमीन डिचोलीकडची. एक-चौदाच्या उताऱ्यावर (आपला सातबाराच म्हणा) एकट्या पुरुषाचं नाव, बोजा नाही, वाद नाही. सरांनी मसुदा वाचला, चष्मा कपाळावर चढवला आणि विचारलं, "ह्या बाबाचं लग्न कधी झालं?" मला वाटलं, थट्टा करतायत.

थट्टा नव्हती. आपल्याकडे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता मुक्तीनंतर १९६२ च्या कायद्याने तशीच पुढे चालू राहिली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मिळकत सामाईक होते, वडिलोपार्जितसुद्धा. उताऱ्यावर बायकोचं नाव नसलं तरी तिची सही लागते. हे मी कॉलेजात शिकले होते, त्या विषयात गुणही बरे होते. उतारा समोर आला तेव्हा मात्र डोक्यात काहीच आलं नाही. बाई मुलाकडे पुण्याला गेलेल्या. खत तीन आठवडे लांबलं आणि खरेदीदार रोज फोन करून, "वकीलबाय, कितें जालें?"

कोर्टात तारीख म्हणजे पुढची सुनावणी. पण गोव्यात नव्याने येणाऱ्यांनी दुसऱ्या तारखांची सवय लावून घ्यावी. अशील समोर बसला की कलम शोधू नका. लग्न कधी, मृत्यू कधी, कागद कधीचा, गुन्हा कधी घडला, हे आधी लिहून घ्या. कोणता कायदा उघडायचा ते त्यावरून ठरतं. कुळाची फाईल आली तर २० एप्रिल १९७६ ला, म्हणजे कुळकायद्याने कसणाऱ्याला मालक मानलं त्या दिवशी, जमीन कोण कसत होतं, हा पहिला प्रश्न. वारसाची असेल तर मृत्यू २२ सप्टेंबर २०१६ च्या आधीचा की नंतरचा ते बघा, कारण २०१२ साली केलेला आपला वारसाहक्क आणि इन्व्हेंटरीचा (मयताच्या मिळकतीची यादी आणि वाटणी) कायदा त्या दिवशी लागू झाला. मुंबईत फ्लॅट असलेला गोमंतकीय "तिथे तुमचा कायदा चालत नाही" म्हणाला तर त्याला सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल दाखवा. त्याच्या तिथल्या मिळकतीच्या वारसालाही इथलाच कायदा लागतो, आणि मुलं असताना अर्ध्याहून जास्त इस्टेट मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही.

बाहेरचे वकील मित्र "तुमच्याकडे समान नागरी कायदा आहे" म्हणून कौतुक करतात. ऐकून घ्यावं. पण १८८० चा हिंदूंच्या रीतिरिवाजांचा हुकूमनामाही एकदा वाचावा. बायकोला ठराविक वयापर्यंत मूल किंवा मुलगा झाला नाही तर दुसऱ्या लग्नाची मुभा त्यात आहे. व्यवहारात ती मेल्यातच जमा, तरी 'समान' म्हणताना माझी जीभ थोडी अडखळते.

जुने कागद वाचायला शिका. संहितेचं इंग्रजी भाषांतर सरकारने राजपत्रात छापलं ते २०१८ साली, पण एस्क्रितुरांचं, म्हणजे पोर्तुगीजमधल्या जुन्या खतांचं, भाषांतर कोण करून ठेवणार? पोर्तुगीज बोलता आली नाही तरी चालेल, चतुःसीमा वाचता आल्या पाहिजेत: नॉर्त (उत्तर), सूल (दक्षिण), नासेंत (पूर्व), पोएंत (पश्चिम). त्यात सर्व्हे नंबर शोधत बसू नका, सर्व्हे नंतरचा. मात्रीजचा (जुन्या करनोंदवहीचा) नंबर, नोंदणीतलं वर्णन आणि पूर्वेचा ओहोळ धरून आजच्या नकाशापर्यंत यावं लागतं. ओहोळ बुजलेला असतो. आडनावंही फसवतात: कामतांचे कामोतीं, प्रभूंचे पोरोब, शेणव्यांचे सिनाय. एका वारसाचा दाखला मी दोन महिने शोधला. तो दुसऱ्याच अक्षराखाली होता. पेडणे, डिचोली, सत्तरीत देवस्थानच्या कागदात मोडीही निघते. मोडीत मी अजून कच्चीच आहे.

नवे कायदे करताना कोणाचे हाल होतात हे कुळांच्या फाईलींतून शिकले. २०१४ च्या दुरुस्तीने कुळांचे दावे मामलेदाराकडून काढून दिवाणी न्यायालयात नेले. वर अर्जालाही मुदत घातली. मामलेदाराकडे खटले कुजतात, हे खरंच. पण सत्तरीतल्या शेतकऱ्याने त्यासाठी वकील करायचा, स्टॅम्प भरायचा, तालुक्याला खेपा घालायच्या, हा हिशेब मसुदा लिहिणाऱ्याने मांडला नसावा. ओरड झाली, दुरुस्तीची दुरुस्ती झाली आणि दावे परत मामलेदाराकडे. मधल्या काळात जो थकून गप्प बसला, त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.

फौजदारीकडे जाणार असाल तर तुमची तारीख १ जुलै २०२४. त्याआधी घडलेल्या गुन्ह्याला भारतीय दंड संहिता, नंतरच्याला भारतीय न्याय संहिता. ५११ कलमांची ३५८ झाली, खून ३०२ वरून १०३ वर आला, फसवणूक ४२० वरून ३१८ मध्ये गेली. अशील अजून 'चारसोबीस'च म्हणतो आणि म्हणतच राहील. पाठांतर बदलणं सोपं आहे. अवघड आहे तो पुरावा. झडती आणि जप्तीचं चित्रीकरण आता सक्तीचं झालंय. मोबाईलमधली क्लिप पुराव्यात आणायची तर नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचे दोन भाग, एक पक्षकाराचा, एक तज्ज्ञाचा, आणि फाईलची हॅश व्हॅल्यूही (फाईल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा डिजिटल ठसा) त्यातच. भांडणाचा व्हिडिओ माझ्या अशिलाने काढला, मला व्हॉट्सॲपवर पाठवला आणि दसऱ्याला नवा फोन घेताना जुना देऊन टाकला. आता मूळ फाईल कुठून आणू? पहिल्याच भेटीत सांगा: फोन विकू नका, क्लिप कापू नका.

एआयने काढून दिलेला निकाल मूळ ठिकाणी वाचल्याशिवाय युक्तिवादात घालू नका. नसलेले निकाल ते अगदी छान लिहितं.

पैशांचं थोडक्यात. सनदेच्या नोंदणीला सर्वसाधारण उमेदवाराकडून ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये सांगितलंय. पहिली दोन वर्षं मिळकत पेट्रोलपुरती. सीनियर निवडताना त्यांच्याकडे किती खटले आहेत ते बघू नका, मसुदा खोडून परत देतात का ते बघा.

जुन्या खतांतल्या पोर्तुगीज शब्दांची माझी एक वही आहे. अजून वापरते. कोणी ज्युनियर आली की ती उतरवून घेते, मी देतेही. फक्त चौथ्या पानावर नासेंत आणि पोएंत उलटे लिहिलेत, तेवढं दुरुस्त करून घ्या.