पंखांवर अंगठा ठेवा

चित्रांखालच्या ओळी लिहिणं हे माझं बावीस वर्षांचं काम. मुलांचे कोश, कलेवरची पुस्तकं, प्रदर्शनांच्या पुस्तिका. पहिल्याच वर्षी मी ग्रीक विजयदेवता नाइकीच्या फोटोखाली ‘देवदूत’ असं लिहून मोकळी झाले. पंख आहेत, झगा आहे, मग आणखी कोण असणार? पुस्तक छापलं गेलं आणि महिन्याभरात एका वाचकाचं पोस्टकार्ड आलं: ‘बाई, ही मूर्ती घडली तेव्हा ख्रिस्ताचा जन्मही झालेला नव्हता.’ ते कार्ड अजून माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

तेव्हापासून पंखवाल्या माणसाचं चित्र समोर आलं की मी आधी पंखांवर अंगठा ठेवते. खरोखर ठेवते. पंख झाकले की जे उरतं, तेच बघायचं. पंख जगभर सगळ्यांनीच लावलेत. ते एवढंच सांगतात की हा आपल्यातला नाही. कोण आहे ते हात आणि पाय सांगतात.

हातांपासून सुरुवात करा. असिरियाचा, म्हणजे आजच्या उत्तर इराकातल्या प्राचीन राज्याचा, राजा दुसरा अशुरनासिरपाल (इ.स.पू. ८८३ ते ८५९) याच्या निमरूदच्या राजवाड्यातले दगडी पट आता जगातल्या अनेक संग्रहालयांत विखुरले आहेत, त्यामुळे ते तुमच्यासमोर येणारच. त्यांतल्या पंखवाल्यांची डोकी कधी दाढीवाल्या माणसाची, कधी गरुडाची. डोक्याकडे बघून गोंधळ होतो. पण उजव्या हातात देवदाराच्या बोंडासारखं काहीतरी आणि डाव्या हातात कडीची छोटी बादली दिसली की हा अपकल्लू, म्हणजे रक्षण करणारा ज्ञानी. पूर्वी काही अभ्यासकांना वाटायचं की तो खजुराच्या फुलांवर पराग शिंपडतोय. पुढे कीलाक्षरी, म्हणजे तिथल्या खिळ्यांसारख्या अक्षरांच्या लिपीतल्या, मजकुरात त्या दोन वस्तूंची नावं सापडली, बोंडासाठीच्या शब्दाचा अर्थच ‘शुद्ध करणारं’ असा निघाला, आणि हे शुद्धीकरण आहे असं बहुतेकांनी मानलं. आणखी एक खूण: यातल्या बऱ्याच पटांवर कीलाक्षरांच्या ओळी थेट आकृतीच्या पोटावरून कोरत नेलेल्या असतात. राजाची बढाई लिहिताना मधे कोण उभं आहे याची कोणी फिकीर केलेली नाही. मला हे फार आवडतं.

हीच युक्ती दुसरीकडे वापरा. हातात मशाल, पायात बूट आणि छातीवर आडवेतिडवे पट्टे असलेली पंखवाली बाई एट्रुस्कन (रोमनांआधीच्या इटलीतल्या लोकांच्या) थडग्यात दिसली, तर ती मृतांना वाट दाखवणारी वांथ. शेजारी हातोडा घेतलेला असेल तो खारुन. ख्रिस्ती चित्रात तराजू किंवा तलवार असेल तर मायकेल, लिलीचं फूल असेल तर गॅब्रिएल. चीनमध्ये चोच, पंख, हातोडा आणि भोवती ढोल असतील तर तो मेघगर्जनेचा देव लेइगोंग. हातात साप असतील तर कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. विनता-कद्रूची पैज आपण लहानपणीच ऐकलेली असते, आणि गरुडाचं सापांशी वैर तिथलंच. कंबोडियात अंगकोरजवळ प्रेआ खान नावाचं, सातव्या जयवर्मनाच्या काळचं, ११९१ मध्ये प्रतिष्ठापना झालेलं देवस्थान आहे. त्याच्या बाहेरच्या भिंतीत ठराविक अंतरावर पुरुषभर नव्हे, त्याहून कितीतरी उंच गरुड उभे आहेत, दोन्ही हात वर करून नागांच्या शेपट्या धरलेले. तोंड झिजलेलं असलं तरी हातांवरून ओळख पटते.

मग पाय. ब्रिटिश म्युझियमने २००३ मध्ये भाजलेल्या मातीचा एक पट घेतला. जेमतेम अर्धा मीटर उंच, बॅबिलोनियातला, इ.स.पू. १८०० च्या आसपासचा. त्यावर एक विवस्त्र स्त्री, खाली झुकलेले पंख, दोन्ही हात वर आणि हातांत कडं व काठी. चेहरा इतका शांत की पायांकडे लक्षच जात नाही. बघितलं तर नखवाले पक्ष्याचे पंजे, पंजांखाली दोन सिंह, बाजूला दोन घुबडं. हिच्याकडे परत येऊ.

ग्रीकांच्या सायरन आणि हार्पी या दोघींची तर हमखास गल्लत होते. दोघींनाही पंख आणि बाईचा चेहरा. मी वहीत एक ओळ लिहून ठेवली आहे: गाते ती सायरन, हिसकावते ती हार्पी. वीणा किंवा बासरी दिसली तर पहिली. फिनियस राजाच्या पुढ्यातलं अन्न पळवताना दिसली तर दुसरी. आजच्या चित्रांत सायरनला माशाची शेपटी असते, ती मध्ययुगातली भर. होमरच्या ओडिसी या महाकाव्यात त्यांच्या शरीराचं वर्णनच नाही, आणि जुन्या ग्रीक मडक्यांवर त्या पक्षीच आहेत. जाणकारही चुकतात, म्हणून मी स्वतःला माफ केलं आहे: लिशियातल्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) क्सँथोसच्या एका थडग्याला ‘हार्पी टूम्ब’ हे नाव पडलं. त्यावरच्या पक्षिस्त्रिया आज बऱ्याच अभ्यासकांना सायरनच्या जवळच्या वाटतात. पाटी मात्र जुनीच.

आता अंगठा काढा. पण पंख बघताना ते कुठून निघालेत ते आधी बघायचं, सुंदर किती आहेत ते नंतर. पाठीतून निघणारे पंख ही एकच पद्धत नाही. इजिप्तच्या इसिसचे पंख तिच्या पसरलेल्या हातांलगत असतात. हात हलले की पंख हलणार. ग्रीक देवांचा दूत हर्मीस याचे चपलांना आणि टोपीला. झोपेचा देव हिप्नोस याचे कानशिलांना, आणि झोप कुठून चढते हे ज्याला माहीत आहे त्याला हे पटेल. जपानी लोककथेतल्या तेन्न्योला, म्हणजे स्वर्गातल्या अप्सरेला, तर पिसांचं वस्त्र असतं. ते कोळ्याने लपवलं की ती पृथ्वीवर अडकली. पंख काढून ठेवता येतात का, हा प्रश्न म्हणूनच वहीत असू द्या. नॉर्स (स्कँडिनेव्हियातल्या) देवी फ्रेयाची ससाण्याच्या पिसांची झूलही याच खात्यात जाते.

संख्या मोजा. बायबलातल्या यशयाच्या सहाव्या अध्यायातल्या सेराफ नावाच्या स्वर्गीय जीवांना सहा पंख: दोहोंनी तोंड झाकलेलं, दोहोंनी पाय, आणि उडायला उरलेले दोन. मेसोपोटेमियाच्या पझुझू या राक्षसाला चार, शिवाय विंचवाची शेपटी आणि कुत्र्यासारखं तोंड. दिसायला भयंकर, पण त्याची मुंडकी गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांच्या रक्षणासाठी वापरत, लमाश्तू या त्याहून वाईट राक्षसिणीला पळवायला. तेव्हा चेहरा बघून ‘दुष्ट’ असं लिहू नका. आणि गुबगुबीत, पंखवाल्या बाळाखाली ‘चेरूब’ लिहिण्याचा मोह टाळा. बायबलातल्या यहेज्केल या संदेष्ट्याने पाहिलेल्या प्राण्यांना, ज्यांना तो पुढे चेरूब म्हणतो, चार तोंडं आहेत: माणूस, सिंह, बैल, गरुड. ते बाळ म्हणजे इटालियन चित्रकारांचं पुत्तो, आणि त्याचे पूर्वज बायबलात नसून रोमन मदनाच्या घराण्यात आहेत.

पंख कशाचे, हेही बघा. पिसांचे असतील तर शक्यता भरपूर. कातडी असतील तर वटवाघूळ समोर ठेवून काढले आहेत. फिलिपिन्सच्या लोककथांतली राक्षसीण मनानांगगाल तसलीच, रात्री कमरेपासून सुटून वरचा अर्धा भाग उडून जातो, आणि खाली राहिलेल्या भागावर मीठ टाकलं की तिला परत जुळता येत नाही. फुलपाखराचे असतील तर चित्र बहुधा अलीकडचं. इंग्लंडच्या जुन्या लोककथांतल्या पऱ्यांना सहसा पंख नव्हते. ते अठराव्या शतकाअखेरीस चित्रकारांनी आणि मग रंगभूमीने चिकटवले. फक्त ग्रीक सायकी अपवाद, कारण तिच्या नावाचा अर्थच आत्मा आणि फुलपाखरूही.

सगळ्यात अवघड चित्रं ती, ज्यांत पंखच नाहीत. भारतीय शिल्पातले विद्याधर आणि गंधर्व बघा. गुडघे मागे दुमडलेले, उत्तरीय वाऱ्यावर, आणि दगड उडतोय. पंखांची गरजच पडलेली नाही. पंखवाले किन्नर साँचीत आहेत, पण ते कमरेखाली पक्षीच असतात. सुरुवातीचे ख्रिस्ती देवदूतही बिनपंखांचे. रोमच्या प्रिसिला भूमिगत दफनस्थानात येशूची आई मारिया हिच्यासमोर एक साधा तरुण उभा आहे, पंख त्यानंतर शंभरेक वर्षांनी रूढ होत गेले. अथेन्समध्ये तर बिनपंखांची नाइकी होती. जुना ग्रीक प्रवासी लेखक पॉसेनियास लिहितो, विजय आपल्याला सोडून उडून जाऊ नये म्हणून. म्हणून ‘पंख नाहीत’ हेही वहीत लिहायचं, रिकामी जागा सोडायची नाही.

चित्र नसून कोणी सांगितलेली हकीकत असेल तर पद्धत बदलते. तिथे हातपाय बघता येत नाहीत. तारखा ओळीने मांडायच्या. वेस्ट व्हर्जिनियातल्या पॉइंट प्लेझंटजवळ १५ नोव्हेंबर १९६६ च्या रात्री गाडीतल्या दोन जोडप्यांनी लाल डोळ्यांचा पंखवाला माणूस पाहिला. मॉथमॅन हे नाव मग वर्तमानपत्रांतून पक्कं झालं. १५ डिसेंबर १९६७ ला तिथला सिल्व्हर ब्रिज कोसळून ४६ माणसं गेली. पुलाच्या साखळीतल्या एका सळईला तडा गेला होता. आधी दर्शन, मग अपघात, आणि दोन्हींना जोडणारी गोष्ट त्यानंतर. एका वन्यजीव-अभ्यासकाने तेव्हाच सँडहिल क्रौंचाचं नाव घेतलं होतं: उंच पक्षी, डोळ्यांभोवती लाल त्वचा. मी दोन्ही लिहिते आणि पुढे जाते.

खरी कसोटी शेवटी ओळ लिहिताना लागते. जेवढं हातापायांनी सांगितलं तेवढंच लिहायचं. सामोथ्रेसच्या नाइकीचा उजवा पंख पाहून मी कितीदा हरखले असेन. १८६३ मध्ये सापडलेल्या त्या मूर्तीला तो नव्हताच. पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात दिसतो तो डाव्या पंखाचा प्लास्टरमधला आरशातला जोडीदार आहे. आता तिच्या फोटोखाली मी तेही घालते.

आणि ती पंजेवाली बाई. काहींच्या मते मेसोपोटेमियाची देवी इश्तार, काहींच्या मते तिची पाताळातली बहीण एरेश्किगल, काहींनी लिलीतू ही राक्षसीण म्हटलं. गेल्या वर्षी संपादकांनी प्रूफवर लाल पेनने विचारलं, ‘नाव?’ मी समासात पुन्हा तीच ओळ लिहून पाठवली: पंखवाली देवता, पक्ष्याचे पाय, दोन सिंह, दोन घुबडं, भाजलेली माती, बॅबिलोनिया, सुमारे इ.स.पू. १८००.