कानाला दडे बसण्याआधी

आंबोली घाट उतरून मालवणला जाताना कानाला दडे बसतात. आपण आवंढा गिळतो, ‘टक्’ होतं, विषय संपतो. आंबोली साधारण ७०० मीटर उंचीवर आहे. तिथून किनाऱ्यापर्यंत हवेचा जेवढा दाब वाढतो, तेवढा पाण्यात मीटरभर खाली जाण्याआधीच वाढतो. तारकर्लीच्या समुद्रातल्या पहिल्या स्कूबा डाइव्हआधी हे मला ठाऊक असतं, तर मी सर्दी लपवली नसती.

आरोग्याच्या फॉर्मवर ‘सर्दी आहे का?’ यापुढे मी बिनधास्त ‘नाही’ लिहिलं. पैसे भरले होते, सुट्टी दोनच दिवसांची. नाकात थेंब टाकले आणि बोटीत चढले. तीन मीटरवर डावा कान ठणकू लागला. प्रशिक्षकाने ‘ठीक?’ अशी खूण केली. मीही शहाण्यासारखी ‘ठीक’ची खूण केली आणि नाक दाबून जोरात फुंकलं. वर आले तेव्हा मास्कमध्ये रक्त होतं. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी तपासलं : पडदा फाटला नव्हता, पण मागे रक्त साठलं होतं. महिनाभर पाण्यात उतरणं बंद.

नाकाच्या मागून मधल्या कानात एक नळी जाते, युस्टेशियन. एरवी मिटलेली असते, गिळताना किंवा जांभई देताना उघडून कानाच्या आत-बाहेरचा दाब सारखा करते; सर्दीत सुजते. १० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो, म्हणून नवशिक्यांचे कान तिथवर पोचण्याआधीच दगा देतात. दाबातला फरक फार वाढला की नळी चिकटून बसते. मग जोर लावून ती उघडत नाहीच, वर आतल्या कानाला इजा व्हायची भीती.

तेव्हा दुखायची वाट पाहू नका. पृष्ठभागावरच सुरुवात करा. नाक चिमटीत, तोंड बंद, आणि हलकेच फुंक. मग हात-दोन हात खाली गेलात की पुन्हा. पाय खाली ठेवून, दोर धरून उतरा. कान उघडला नाही तर थोडं वर या. पंजा आडवा हलवून कानाकडे बोट दाखवलं की प्रशिक्षक थांबतो.

थेंबांचा भरवसा धरू नका. असर पाण्याखालीच उतरला, तर वर येताना कानातली हवा कोंडते. वर येताना फुंकायचं नाही, हेही लक्षात ठेवा. कानात बोळे तर अजिबात नकोत.

पुढच्या नोव्हेंबरात पुन्हा गेले. सकाळी नाक दाबून आवंढा गिळला. उजवा कान ‘टक्’ म्हणाला, डावा गप्प. बाकीचे उतरले, मी बोटीवर बसून सगळ्यांचे टॉवेल राखले.